डुक्कर : आहार व पाचक विकरांचा स्राव

डुकराचे खाद्य बदलले की त्याच्या स्वादुपिंडातून येणाऱ्या विकरांचे आपसांतील प्रमाणही काही दिवसांत बदलते. वसई-विरार (जि. पालघर) भागातील ख्रिस्ती घरांत नाताळाला आणि लग्नाला डुकराच्या मांसाचे सरपोतेल, इंद्याल शिजते, त्यामुळे डुक्कर इथे ओळखीचे. परसातल्या डुकराला एकच खाद्य क्वचितच मिळते : भाताचा कोंडा, पेंड, केळीचा गाभा, हॉटेलांचे खरकटे.

लाळ : अमायलेज थोडे, महत्त्व कमी.

जठर : पेप्सिन व हायड्रोक्लोरिक आम्ल. दूधपित्या पिल्लात आम्ल कमी पडते. दुधातील शर्करेपासून जंतूंनी केलेले लॅक्टिक आम्ल ती उणीव काहीशी भरून काढते.

स्वादुपिंड : आहाराचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो येथे. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी सिक्रेटिन हे संप्रेरक शोधले; त्याने रसातील पाणी व बायकार्बोनेट वाढते, तर कोलेसिस्टोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाने विकर सुटतात. फ्रान्समध्ये कोरिंग व सहकाऱ्यांनी डुकरांवर केलेले काम या विषयाचा पाया मानले जाते. पिष्ट वाढवले की अमायलेज वाढते, मेद वाढवला की लायपेज, प्रथिनाबरोबर ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन. हा बदल पुरा व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात.

सोयाबीन : कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनला अडवणारे द्रव्य (रोधक) असते, कुनित्झ यांनी ते १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळवले. कच्चे सोयाबीन खाऊन कोंबडीचे व उंदराचे स्वादुपिंड फुगते. डुकराचे तसे ठळकपणे फुगत नाही, वाढ मात्र खुंटते. नीट भाजलेल्या पेंडीत हा दोष उरत नाही.

दूध तुटणे : जन्मतः लॅक्टेज भरपूर, सुक्रेज जवळजवळ नसते. पुढच्या आठवड्यांत हे उलटते. आईपासून तोडल्यावर स्वादुपिंडातील विकर आठवडाभर घटलेले आढळतात. दोष ताणाचा, उपाशी राहण्याचा की नव्या खाद्याचा, यावर एकमत नाही. हगवण बहुधा याच आठवड्यात लागते, म्हणून चुरा खाद्य दूध तोडण्याआधीच चाटायला द्यावे.

तंतू : ते पचवणारे विकर डुकराकडे नाही, मोठ्या आतड्यातील जंतू ते काम करतात.

खरकटे : एका दिवशी पिंपात भात-बटाटा, दुसऱ्या दिवशी तेलाचा तवंग आलेली बिर्याणी. ग्रंथीला जुळवून घ्यायला आठवडा हवा, पिंप रोज बदलते. मोठे डुक्कर हे सोसते, नुकतेच तोडलेले पिल्लू सोसत नाही. खरकटे उकळून देण्याचा सल्ला मुख्यतः स्वाइन फीवरसारख्या रोगांसाठी आहे. विकरांच्या बाजूने त्याचा लाभ एवढाच की कच्च्या कडधान्यातील रोधकाचा जोर त्यात बराच ओसरतो.