पोथीतली राणी, भिंतीवरची सावली

अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, म्हटलं की आपल्याला चांदबिबी आठवते. आज आपण तिच्या आईपासून, खुंजा हुमायूनपासून, सुरुवात करू. हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी आफताबी या कवीनं 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचलं. 1565 च्या तालिकोटच्या लढाईचं वर्णन त्यात आहे, तशी राणीची स्तुतीही आहे. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानं जपली आहे.

या चित्रांत राणी राजाशेजारी बसलेली होती. पुढे कुणीतरी तिच्यावर रंग फासला. हुसेनच्या मृत्यूनंतर तिनं मुलाच्या, मुर्तजाच्या, नावानं कारभार चालवला, आणि पुढे त्याच मुलानं तिला कैद केलं. तिची चित्रं त्यानंतर पुसली गेली असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. काव्यातली स्तुती मात्र राहिली.

आता विचार करा, शब्द ठेवले आणि चित्र पुसलं, असं का? आम्हाला वाटतं, शब्द तिच्या रूपाविषयी बोलत होते, चित्र तिची जागा दाखवत होतं. चित्र हे शब्दाचं नुसतं सोंग असतं, तर त्याची भीती कुणाला वाटली असती?

साडेचारशे वर्षांनी मुंबईच्या नलिनी मालानी याच प्रश्नाशी झगडताना दिसतात. जन्म 1946, कराचीचा, फाळणीनंतर कुटुंब भारतात आलं, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर त्यांनी मंटोच्या 'टोबा टेक सिंग' कथेवरून व्हिडिओकृती केली. त्यात पत्र्याच्या ट्रंकांमध्ये पडदे ठेवले होते. निर्वासितांच्या घरातली ती ट्रंक, बरं का! 2012 साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांनी 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' मांडलं. पारदर्शक नळकांड्यांवर आतून रंगवलेली चित्रं फिरत होती, त्यांतून व्हिडिओचा प्रकाश जाऊन भिंतींवर सावल्या पडत होत्या. नाव फैज यांच्या कवितेवरून. सोबत क्रिस्टा वोल्फची कॅसांड्रा आणि महाश्वेता देवींची द्रौपदी. दोघीही अशा बायका, ज्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही.

कुणी म्हणेल, ही तर साहित्याची सजावट झाली. आम्हाला तसं वाटत नाही. हे वाचन आहे. पुसलेल्या जागेकडे बोट दाखवणारं वाचन.

एक अडचण मात्र मान्य करू. कागदाची पोथी साडेचार शतकं टिकली. सावली वीज गेली की संपते. यंत्रं जुनी होतात, सुटे भाग मिळत नाहीत. पण पोथीनं तरी आपल्याला काय शिकवलं? कागद टिकला म्हणजे माणूस टिकतोच असं नाही. राणी आज आपल्याला दिसते, ती कुणीतरी त्या रंगाच्या डागापाशी थांबून 'इथं कोण होतं?' असं विचारलं म्हणून. तेवढं विचारणं आपल्या हातात आहे.