इन्शुलिन आहे, पण साखर ऐकत नाही

साल १९३६, लंडन. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या कॉटवर तुम्ही उपाशीपोटी बसला आहात. पन्नाशी उलटलेली, अंग भरलेलं, ब्लडप्रेशर चढं. खिशातला मोबाइल आणि त्यातला रक्तातल्या साखरेचा, एचबीएवनसीचा रिपोर्ट आत्ता काढू नका. इथे कुणाला ओ की ठो कळायचा नाही.

शेजारच्या कॉटवर विशीतला पोरगा आहे, नुसता हाडांचा सापळा. मधुमेह दोघांनाही. डॉक्टर हॅरोल्ड हिम्सवर्थ स्वतः जेमतेम तिशीचे. ते दोघांना ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि लगोलग शिरेत इन्शुलिन टोचतात. पाणी इतकं गोड, की घशाखाली उतरवताना तोंड वाकडं होतं. मग थोड्या थोड्या वेळाने रक्त काढणं सुरू. पोराची साखर इन्शुलिनने दाबून धरली आहे. तुमची मात्र बिनदिक्कत चढतेय, जणू सुईतून नुसतं पाणीच गेलं!

गुरा-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्शुलिन १९२२ पासून रुग्णांना मिळू लागलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांचं गणित सरळ होतं: मधुमेह म्हणजे इन्शुलिनची टंचाई. हिम्सवर्थ म्हणतात, पोराच्या बाबतीत ते खरं. तुमचं शरीर मात्र इन्शुलिनला जुमानतच नाही. रक्तातलं इन्शुलिन मोजायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून या माणसाने ते बाहेरून दिलं आणि साखर त्याचं ऐकते का, एवढंच पाहिलं. मला ही शक्कल त्याच्या निष्कर्षाइतकीच आवडते.

इन्शुलिनचं मोजमाप हवं तर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये चला. तिथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात रोझलिन यॅलो यांची प्रयोगशाळा सुरू झाली ती सफाईचं सामान ठेवायच्या खोलीत. यॅलो आणि सॉलोमन बर्सन किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्शुलिन गिनीपिगच्या प्रतिपिंडांना चिकटवतात. त्यात तुमचं रक्त मिसळलं, की तुमचं इन्शुलिन त्यातल्या काहींची जागा बळकावतं. किती जणांना हुसकावलं, त्यावरून हिशेब लागतो. १९६० मध्ये ही पद्धत छापून येते. उतारवयात मधुमेह झालेल्यांच्या रक्तात इन्शुलिन आहे, आणि बरेचदा निरोग्यांपेक्षा जास्तच आहे. १९७७ चं नोबेल यॅलोंना मिळालं; बर्सन त्याआधीच गेले होते.

पण ही गडबड सुरू कधी होते? त्याचा माग काढायला आता पुणे जिल्हा, १९९० चं दशक. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास करताहेत. बाळंतिणीच्या खोलीत दाराशी उभे राहा, मध्ये लुडबुड नको. बाळ ताजव्यात. इथली सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांची साधारण साडेतीन. मग बाळाच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपर लावतात. हातपाय काटकुळे, पोटाचा घेर लहान, पण फऱ्याखालची चरबी त्या मानाने टिकून. सुईणीला विचाराल तर ती सांगेल, पोर अशक्त आहे, तूप-गूळ चारा. तिचं तरी काय चुकलं?

याज्ञिकांच्या गटाने पुण्यातल्या बाळांच्या आणि लंडनमधल्या गोऱ्या बाळांच्या नाळेतलं रक्तही तपासलं. २००२ साली ते प्रसिद्ध झालं: वजनाने हलक्या असलेल्या पुण्याच्या बाळांच्या नाळेत इन्शुलिन जास्त होतं.