अवतरणचिन्हांची एक जोडी

जानेवारी 1979. 22 वर्षं आधी.
बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडते. तिच्यात स्टीफन बॉर्न यांचा नवा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, आहे. व्हेरिएबल अवतरणात नसेल, तर त्यातला मजकूर स्पेस, टॅब आणि नवी ओळ या 3 ठिकाणी आपोआप तुटतो. फाइलच्या नावाची मर्यादा 14 अक्षरं. नावात स्पेस सहसा कोणी देत नाही.

1990. 11 वर्षं आधी.
पॉल फॉल्स्टॅड झेडशेल लिहितात. त्यात असं व्हेरिएबल आपोआप तुटत नाही. बॉर्नच्या वळणाच्या शेलमध्ये मात्र जुना नियम कायम राहतो.

24 मार्च 2001. 7 महिने आधी.
ॲपल मॅक ओएस टेन विक्रीला आणतं. आत युनिक्स. मॅकवाले वर्षानुवर्षं नावांत स्पेस देत आलेले. नव्या मॅकच्या डिस्कचंच नाव 'मॅकिंटॉश एचडी'.

23 ऑक्टोबर 2001. काही दिवस आधी.
स्टीव्ह जॉब्स आयपॉड दाखवतात. 10 नोव्हेंबरला तो बाजारात येणार. त्याला आयट्यून्स 2 लागणार.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. काही तास आधी.
आयट्यून्स 2चा इन्स्टॉलर डाउनलोडसाठी खुला होतो. त्यातली स्क्रिप्ट जुनं आयट्यून्स 'आरएम -आरएफ'ने काढते. ही कमांड काही विचारत नाही, पुसलेलं परत देत नाही. पुढे डिस्कचा पत्ता धरणारं व्हेरिएबल. त्याला अवतरणचिन्हं नाहीत.

काही सेकंद आधी.
समजा, एका मॅकवर दोन डिस्क आहेत: 'बदलापूर' आणि 'बदलापूर पश्चिम'. वापरणारा इन्स्टॉलसाठी दुसरी निवडतो, पासवर्ड देतो.

क्षण 0.
पत्ता स्पेसवर तुटतो. पहिला तुकडा '/व्हॉल्यूम्स/बदलापूर', म्हणजे न निवडलेली अख्खी डिस्क. दुसरा 'पश्चिम/ॲप्लिकेशन्स/आयट्यून्स.ॲप'. तो कुठेच नाही, पण 'एफ'मुळे त्याची तक्रारही उमटत नाही. पहिली डिस्क पुसली जाते.

पुढचे दिवस.
एकाहून अधिक डिस्क किंवा पार्टिशन असलेल्या काही मॅकवरचा डेटा गेलेला असतो. ॲपल आयट्यून्स 2.0 मागे घेतं, 2.0.1 देतं. दुरुस्ती म्हणजे अवतरणचिन्हांची एक जोडी.

ऑक्टोबर 2019. 18 वर्षांनी.
मॅकओएस कॅटालिनात झेडशेल डिफॉल्ट होतो. 'एसएच'साठी, म्हणजे बॉर्नच्या वळणाच्या शेलसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये जुना नियम आजही चालतो. शेलचेक हे मोफत साधन अवतरणचिन्हं द्यायची राहिली की 'एससी2086' असा इशारा देतं. तो गप्प करून पुढे जाता येतं.

'अंबरनाथ पूर्व', 'उल्हासनगर कॅम्प 4': माणसं फोल्डरला अशीच नावं देणार, आणि त्यांनी ती बदलण्याचं कारण नाही. व्हेरिएबल अवतरणात ठेवण्याची जबाबदारी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची आहे.