अमेरिकन मसल कार आणि स्प्रिंगच्या ताठरतेची निवड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन मोटार उद्योगाचा इतिहास बहुतांशी इंजिनाच्या दृष्टिकोनातून लिहिला गेला आहे. मध्यम आकाराची दोन दारांची गाडी, तिच्यात मोठे आठ सिलिंडरचे इंजिन आणि तरुण ग्राहकाला परवडेल अशी किंमत, या त्रिसूत्रीतून 'मसल कार' हा प्रकार जन्माला आला. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून या प्रकाराचा प्रारंभ सामान्यतः मानला जातो. तथापि, ही गाडी सरळ रस्त्यावरून वळणावळणाच्या शर्यतीच्या मार्गावर आली, तेव्हा तिच्या मर्यादा इंजिनात नव्हे, तर चाके आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगमध्ये उघड झाल्या. गाडी वळणावर कलते, म्हणून स्प्रिंग अधिक कडक करावी, हा उपाय वरवर पाहता अगदी साधा वाटतो. प्रत्यक्षात 'किती कडक, कोणत्या चाकाजवळ आणि कोणत्या टायरसाठी' या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात अभियंत्यांची आणि चालकांची अनेक वर्षे खर्ची पडली. प्रस्तुत शोधनिबंधात या शोधाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. स्प्रिंगच्या ताठरतेविषयीच्या शास्त्रीय विचाराची पार्श्वभूमी समजून घेणे.
२. १९६५ ते १९७२ या काळातील शर्यतींचा स्प्रिंगच्या निवडीवर झालेला परिणाम तपासणे.
३. 'अधिक कडक म्हणजे अधिक चांगली' या रूढ समजाची चिकित्सा करणे.

शास्त्रीय पार्श्वभूमी :

स्प्रिंगवर जितका भार पडेल तितक्या प्रमाणात ती दबते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. मोटारगाडीच्या संदर्भात या नियमाला व्यावहारिक रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने मॉरिस ऑली यांना द्यावे लागते. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले ऑली १९३० मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीत दाखल झाले. त्या काळच्या गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंग फार कडक आणि मागच्या त्या मानाने मऊ असत. परिणामी खड्ड्यावरून गेल्यावर गाडी नावेसारखी पुढेमागे डोलत राही. वजने हलवून बसवता येतील अशी एक प्रायोगिक गाडी ऑली यांनी तयार केली आणि पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असावी, असा निष्कर्ष काढला. यामागील कारण सोपे आहे. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्या चाकांना नंतर. मागील भागाची कंपने थोडी जलद असतील, तर तो पुढच्या भागाला गाठतो आणि डोलणे लवकर थांबते. १९३४ च्या कॅडिलॅक गाड्यांत पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले, त्यामागे हेच संशोधन होते.

ताठरतेचे माप नुसत्या स्प्रिंगवरून ठरत नाही, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. स्प्रिंग चाकापासून किती आत बसवली आहे, यावर चाकापाशी जाणवणारी ताठरता अवलंबून असते. चाक दोन इंच वर गेले असता स्प्रिंग एकच इंच दबत असेल, तर चाकापाशी मूळ ताठरतेचा केवळ चौथा हिस्सा उरतो. म्हणूनच दोन निरनिराळ्या गाड्यांच्या स्प्रिंगचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करणे फसवे ठरते. त्याऐवजी अभियंते कंपनसंख्येचा आधार घेतात. समजा, एका चाकावर गाडीचे ४०० किलो वजन आहे आणि चाकापाशी ताठरता प्रति मिलिमीटर २० न्यूटन आहे. तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे १.१ वेळा वरखाली होईल. ही सुखद प्रवासाची पातळी होय. ताठरता दुप्पट केली तर कंपनसंख्या दुप्पट होत नाही, ती सुमारे १.६ पर्यंत जाते. ती सव्वादोनवर न्यायची, तर ताठरता चौपट करावी लागते. शर्यतीसाठी स्प्रिंगमध्ये किरकोळ बदल पुरत नाहीत, याचे कारण या गणितात आहे.

सरळ रेषेकडून वळणाकडे :

मसल कारचे मूळ क्रीडांगण म्हणजे पाव मैलाची, अर्थात सुमारे ४०२ मीटरची सरळ शर्यत. तेथे गाडीचे नाक वर उचलले जाणे आणि भार मागच्या चाकांवर येणे इष्ट असते. वळणावर हीच सवय घातक ठरते. गाडी बाहेरच्या बाजूला कलते, चाकांचे रस्त्याशी असलेले कोन बिघडतात आणि टायरचा पृष्ठभाग पुरता टेकत नाही.

१७ एप्रिल १९६४ रोजी फोर्डने मस्टँग ही गाडी बाजारात आणली. कॅरोल शेल्बी यांनी तिच्यावरून १९६५ मध्ये जीटी ३५० तयार केली. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या नियमांनुसार शर्यतीच्या गाडीसाठी इंजिन किंवा सस्पेन्शन यांपैकी एकातच मोठे फेरफार करण्याची मुभा होती. शेल्बी यांनी सस्पेन्शनचे बदल सर्वसामान्य ग्राहकाच्या गाडीतच केले आणि शर्यतीच्या गाडीसाठी इंजिनाची सवलत राखून ठेवली. परिणामी दुकानातून गाडी घेणाऱ्या ग्राहकाच्या वाट्याला शर्यतीचा खडखडाट आला. कोनी कंपनीचे शॉक ॲब्सॉर्बर, समोर एक इंच जाडीचा अँटी-रोल बार आणि वरच्या आर्मची बैठक सुमारे एक इंच खाली घेणे, हे त्यातील प्रमुख बदल होत. यांपैकी शेवटचा बदल ऐतिहासिकदृष्ट्या अधिक महत्त्वाचा वाटतो. आर्म खाली घेतल्याने गाडी कलली तरी चाकाचा कोन कमी बिघडतो. म्हणजेच रचनेतील दोष दुरुस्त केला की तो झाकण्यासाठी कडक स्प्रिंगची गरज त्या प्रमाणात कमी होते. मात्र १९६६ च्या गाड्यांत सुरुवातीच्या काही गाड्या वगळता आर्मचा हा बदल सोडून देण्यात आला. शर्यतीची गरज आणि ग्राहकाची सोय यांतील ओढाताण येथे प्रथमच ठळकपणे दिसते.

ट्रान्स-ॲम मालिका आणि कॅमॅरो झेड/२८ :

मार्च १९६६ मध्ये सेब्रिंग येथे ट्रान्स-ॲम शर्यतमालिकेचा आरंभ झाला. मोठ्या गटासाठी इंजिनाची मर्यादा पाच लिटर होती. सर्वांची इंजिने जवळपास सारखी झाल्यामुळे वळणावरील पकड निर्णायक ठरली. या मालिकेसाठी शेव्हरोलेने १९६७ च्या कॅमॅरोचा झेड/२८ हा प्रकार काढला. पहिल्या वर्षी अशा ६०२ गाड्या तयार झाल्या.

या गाडीचा मुख्य प्रश्न मागच्या बाजूस होता. दोन्ही मागची चाके एकाच अखंड ॲक्सलवर होती आणि तो ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर टांगलेला होता. अशा रचनेत पाट्यावर दुहेरी जबाबदारी येते. त्याने गाडीचे वजन तोलायचे आणि ॲक्सल जागेवर धरूनही ठेवायचा. १९६७ च्या कॅमॅरोत प्रत्येक बाजूस एकच पाटा होता. जोरात वेग घेताना किंवा ब्रेक लावताना तो पिळवटे आणि चाके रस्त्यावर टणटण उडत. १९६८ मध्ये कंपनीने जोरकस गाड्यांना अनेक पाट्यांची स्प्रिंग दिली आणि मागचे दोन शॉक ॲब्सॉर्बर, एक ॲक्सलच्या पुढे व दुसरा मागे, असे बसवले. अधिक ताठर स्प्रिंग येथे केवळ गाडी कलू नये म्हणून नव्हती. ॲक्सलवर ताबा राहावा, हाही तिचा हेतू होता.

रॉजर पेन्स्के यांच्या संघाकडून ही गाडी चालवणारे मार्क डोनोह्यू हे ब्राउन विद्यापीठाचे यांत्रिकी अभियांत्रिकीचे पदवीधर होते. १९६७ मध्ये त्यांना तीन शर्यतींत यश मिळाले. १९६८ मध्ये मात्र त्यांनी १३ पैकी १० शर्यती जिंकल्या. १९६८ व १९६९ या दोन्ही वर्षांचे उत्पादकांचे विजेतेपद शेव्हरोलेकडे गेले. या यशाचे श्रेय केवळ स्प्रिंगला देणे अर्थातच अनैतिहासिक ठरेल. तरीही डोनोह्यू यांच्या कार्यपद्धतीतील एक गोष्ट या विषयाच्या दृष्टीने मूलभूत आहे. ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळावर गाडी फिरवून तिची पकड मोजण्याच्या पद्धतीचा त्यांनी पद्धतशीर वापर केला. ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरील फेरी १२ सेकंदांत पूर्ण झाली, तर गाडीची आडवी पकड गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.८४ पट भरते. तीच फेरी साडेअकरा सेकंदांत झाली तर ०.९१ पट. स्प्रिंग किंवा बार बदलून लगेच घड्याळ पाहता येत असल्याने 'गाडी बरी वाटते' या सांगीव अनुभवाची जागा मोजमापाने घेतली.

ताठरतेचा खरा अर्थ : भाराची वाटणी

या मोजमापांतून जे तत्त्व ठसठशीतपणे समोर आले, ते सामान्य समजाला धक्का देणारे आहे. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकेल, हे मुख्यतः गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. १,५०० किलो वजनाच्या, अर्धा मीटर उंचीवर गुरुत्वमध्य आणि दीड मीटर चाकअंतर असलेल्या गाडीत ०.९ पट जोराला सुमारे ४५० किलो भार बाहेर सरकतो. स्प्रिंग कितीही कडक केली, तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. स्प्रिंग ठरवते ती या ४५० किलोंची पुढच्या आणि मागच्या चाकांतील वाटणी. जी बाजू अधिक ताठर, तिच्याकडे त्यातील मोठा वाटा जातो. आणि टायरवर जितका भार वाढतो, तितकी पकड त्याच प्रमाणात वाढत नसल्याने ती बाजू आधी घसरते. पुढची स्प्रिंग प्रमाणाबाहेर कडक केली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. मागची केली तर शेपूट बाहेर फेकले जाते. जड इंजिन पुढे आणि मागे हलका भाग अशा मसल कारमध्ये हा दुसरा दोष चालकाला सावरण्याची फारशी संधी देत नाही. म्हणून स्प्रिंगची चुकीची निवड ही काही सेकंदांच्या हानीपुरती मर्यादित बाब नसून ती सुरक्षिततेची बाब ठरते.

स्प्रिंग की बार? दोन काळांची दोन उत्तरे :

गाडीचे कलणे रोखण्याचा दुसरा मार्ग अँटी-रोल बारचा. १९७० च्या पॉन्टिॲक फायरबर्ड ट्रान्स ॲममध्ये समोर सव्वा इंच आणि मागे सात-अष्टमांश इंच जाडीचे बार देण्यात आले. बार गाडी कलतानाच काम करतो, सरळ रस्त्यावर दोन्ही चाके एकदम वरखाली होताना तो निष्क्रिय राहतो. त्यामुळे प्रवास फारसा कठोर होत नाही. रस्त्यावर आणि शर्यतीत अशा दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या गाडीसाठी ही तडजोड सोयीची होती. परंतु बार दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधतो. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोहोचतो आणि जाड बार वळणावर आतले चाक उचलू पाहतो.

२०१४ च्या कॅमॅरो झेड/२८ मध्ये शेव्हरोलेने नेमका उलट मार्ग स्वीकारला. स्प्रिंग लक्षणीय ताठर केल्या आणि बार तुलनेने बारीक ठेवले. ही गाडी प्राधान्याने शर्यतीच्या मार्गासाठी होती, मागची चाके स्वतंत्र झाली होती, टायर अतिशय पकडीचे होते आणि शॉक ॲब्सॉर्बरही त्या ताठरतेला पेलणारे होते. ही शेवटची अट दुर्लक्षून चालत नाही. ताठरता दुप्पट केल्यास कंपन तितक्याच परिणामकारकपणे शमवण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरचा विरोध सुमारे १.४ पट वाढवावा लागतो. जुने शॉक ॲब्सॉर्बर तसेच ठेवून कडक स्प्रिंग बसवली, तर चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उसळत राहते.

हौशी चालक आणि स्वस्त उपाय :

कारखान्याच्या बाहेर या प्रश्नाचे वेगळे रूप दिसते. गाडी खाली बसावी आणि कडक व्हावी म्हणून स्प्रिंगचा वेढा कापणे, हा जुना स्वस्त उपाय होय. आठ कार्यक्षम वेढ्यांपैकी एक कापला तर ताठरता सुमारे १४ टक्के वाढते. परंतु गाडी खाली आल्याने चाकाला हालचालीसाठी उरलेली जागा त्याहून अधिक प्रमाणात घटू शकते आणि सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणी ताठरता एकदम अनेक पटींनी वाढते आणि तेही नेमके भर वळणात. तारेची जाडी १० टक्के वाढवल्यास मात्र ताठरता सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते, कारण ती जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. म्हणूनच योग्य मापाची नवी स्प्रिंग घेणे अंतिमतः अधिक हिताचे ठरते. जुन्या मसल कारला आज पूर्वीपेक्षा कडक स्प्रिंग लागते, याचेही कारण टायरमध्ये आहे. पकड वाढली की वळणाचा जोर वाढतो, जोर वाढला की कलणे वाढते. स्प्रिंग टायरच्या मागून चालते, पुढे नव्हे.

निष्कर्ष :

१. मसल कारच्या स्प्रिंगची वाढती ताठरता ही स्वतंत्र प्रगती नसून टायरची पकड, ॲक्सलची रचना आणि शर्यतीचे नियम यांना दिलेला प्रतिसाद होती.
२. ताठरतेच्या एकूण मोजमापापेक्षा पुढच्या व मागच्या चाकांमधील तिचे प्रमाण अधिक निर्णायक असते.
३. रचनेतील दोष दूर करणे शक्य असेल तेथे ते आधी करावे आणि उरलेल्या कामापुरतीच ताठरता वाढवावी, हा जीटी ३५० च्या आर्मपासून मिळणारा धडा आहे.
४. १९७० आणि २०१४ ची परस्परविरोधी उत्तरे आपापल्या परिस्थितीत योग्य होती. सर्वकाळासाठी एकच योग्य स्प्रिंग असू शकत नाही.

इंजिनाच्या सामर्थ्याचा गवगवा झालेल्या या गाड्यांच्या इतिहासात स्प्रिंगचे स्थान गौण मानले गेले. परंतु ते सामर्थ्य वळणावर वापरता यावे, यासाठी लागणारे संयमाचे शास्त्र याच दुर्लक्षित भागाच्या निमित्ताने विकसित झाले, असे म्हणणे उचित ठरेल.