जाळीतले आठ आणे : फलंदाजाची उणीव हेरणारे बाळू पालवणकर

१. आज कोणत्याही मोठ्या सामन्याआधी संघाच्या बैठकीत प्रतिपक्षाच्या फलंदाजांच्या चित्रफिती पाहिल्या जातात. कोणत्या टप्प्यावर कोण अडखळतो, कोणता फटका कोणाला मोहात पाडतो, याचे तक्ते मांडले जातात. ही विद्या संगणकाबरोबर आली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचा एक जुना धागा पुण्यातील सरावाच्या जाळीत, दरमहा चार रुपयांवर राबणाऱ्या एका नोकरापाशी पोहोचतो.

२. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे, चांभार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बालपण पुण्यात गेले. पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टीची देखभाल करून त्यांना महिना तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. रोलर फिरवणे, आखणी करणे, जाळ्या लावणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, ही त्यांची कामे. फलंदाजी मात्र त्यांना कधीच करू दिली गेली नाही.

३. तेथे जे. जी. ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी खेळत. त्या काळी हिंदुस्थानातील युरोपियनांमध्ये त्यांच्या तोडीचा फलंदाज विरळाच. सरावात बाळूंनी त्यांना बाद केले की ते दरवेळी आठ आणे देत, अशी आठवण क्रिकेटच्या इतिहासात सांगितली जाते. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. ग्रेग यांना आठ वेळा चकवले की महिन्याचा पगार हाती यावा, असा हा हिशेब.

४. डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाला वेगाने घाबरवता येत नाही. त्याला फलंदाजाचा अभ्यासच करावा लागतो. पुढचा पाय चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोहोचतो की अर्ध्यावर थांबतो? उंची दिलेल्या चेंडूवर संयम सुटतो का? बाहेर वळणाऱ्या चेंडूमागे बॅट आपसूक जाते का? एका सामन्यात अशा प्रश्नांना मोजकीच षटके मिळतात. बाळूंना त्यासाठी तासन्‌तास मिळाले, तेही उत्तम फलंदाजांसमोर. जी चाकरी होती, तीच त्यांची पाठशाळा ठरली.

५. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळवले. सवर्ण खेळाडूंना त्यांनी टाकलेला चेंडू हाताळायला चाले. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई.

६. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. गोऱ्या फलंदाजांची ताकद आणि उणीव जवळून न्याहाळलेला माणूस आता त्यांच्याविरुद्ध उभा होता.

७. ही केवळ ओळखीच्या फलंदाजांपुरती हुशारी नव्हती, हे १९११ च्या इंग्लंड दौऱ्याने दाखवून दिले. तेथे जवळजवळ प्रत्येक सामन्यात समोर नवे चेहरे होते. काय ओळखायचे ते चालू षटकांतच ओळखावे लागे. भारतीय संघ बहुतेक सामने हरला, तरी बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

८. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये फटकेबाजांची ताकद आणि उणीव टिपणे हा पुढे पगारी व्यवसाय झाला. ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या ब्रँच रिकी यांनी १९४७ साली ॲलन रॉथ या सांख्यिकीतज्ज्ञाची नेमणूक केली. रॉथ सामन्यातील प्रत्येक चेंडूची नोंद ठेवू लागले. त्याच संघाने, त्याच वर्षी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवून वर्णबंदी मोडली. गुण नेमका मोजायचा, तर आधी गुणवंताला मैदानात येऊ द्यावे लागते.

९. आपल्याकडे हे द्वार अर्धेच उघडले. प्रतिपक्षाचे फलंदाज ओळखून क्षेत्ररचना करणे हे कर्णधाराचे काम. त्या ज्ञानात बाळूंची बरोबरी करणारे थोडे होते. तरीही चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळल्यावर शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी संघातून माघार घेतली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. कर्णधारपद १९२३ मध्ये त्यांच्या घरात आले, पण ते विठ्ठल यांच्याकडे.

१०. प्रथमश्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, ही बाळूंची नोंद धावफलकात आहे. परंतु धावफलक फक्त बळी मोजतो. त्यामागचे निरीक्षण मोजत नाही. समाजानेही नेमके तेच केले. त्याने बाळूंचा हात वापरला आणि त्यांच्या बुद्धीचा अधिकार नाकारला. आज फलंदाजांच्या उणिवा हेरणाऱ्या विश्लेषकाला संघात मानाची खुर्ची असते. त्या खुर्चीचा इतिहास लिहिताना पुण्याच्या जाळीपाशी उभा असलेला हा अभ्यासक पहिल्या पानावर असायला हवा.