टाचदुखी, टेनिस एल्बो आणि शॉकवेव्ह थेरपी: पैसे भरण्याआधी हे वाचा

‘शॉकवेव्ह’ म्हटलं की बहुतेक रुग्णांना विजेचा झटका आठवतो. या उपचारात शरीरात करंट सोडत नाहीत. मशीनच्या हातात धरायच्या भागातून त्वचेवर दाबाच्या लहरी पाठवतात. फिजिओथेरपी सेंटरमध्ये जास्त करून ‘रेडियल’ प्रकारचं मशीन असतं. त्यात हवेच्या दाबाने आतली छोटी धातूची गोळी टोकावर आदळते, सेकंदाला साधारण ५ ते १५ वेळा. ही लहर वरवरच्या भागात जास्त काम करते. ‘फोकस्ड’ मशीनची लहर खोलवर एका ठिकाणी एकवटते.

हे तंत्र आलं मुतखड्याच्या उपचारातून. १९८० साली जर्मनीत म्युनिकमध्ये पहिल्यांदा अशा लहरींनी एका रुग्णाचा मुतखडा फोडला गेला. पुढे हाडांच्या आणि स्नायूंच्या दुखण्यांसाठी त्याचा वापर सुरू झाला, आणि २००० साली अमेरिकेच्या एफडीएने जुनाट टाचदुखीसाठी अशा मशीनला मान्यता दिली.

टाचेचं ‘वाढलेलं हाड’ यानं फुटतं का?

नाही. सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. एक्स-रेमध्ये टाचेखाली काट्यासारखं टोक दिसतं आणि घरचे म्हणतात, हाड वाढलंय, आता ऑपरेशन. असा काटा कसलंही दुखणं नसलेल्या अनेकांच्या टाचेतही असतो. दुखतं ते बहुधा तळपायाच्या जाड पट्ट्यामुळे, ज्याला आम्ही प्लांटर फॅशिया म्हणतो. मुतखडा फुटतो तसा काटा फुटेल, या आशेने जाऊ नका. उपचारानंतर दुखणं गेलं तरी एक्स-रेमधला काटा तिथेच असू शकतो, आणि त्याने काही बिघडत नाही.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टाकवत नाहीत, थोडं चाललं की बरं वाटतं, आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणकतं, ही याची ओळखीची खूण. सुपा एमआयडीसीत सेफ्टी शूज घालून पूर्ण शिफ्ट काँक्रीटवर उभं राहणाऱ्यांना हे वर्णन समजावून सांगावं लागत नाही. वजन जास्त असणाऱ्यांना आणि घरात फरशीवर अनवाणी वावरणाऱ्यांनाही हा त्रास पुष्कळ होतो.

जुन्या दुखण्यात या पट्ट्यात सूज कमी आणि झीज जास्त असते. लहरींच्या माऱ्याने त्या जागी शरीराची दुरुस्तीची प्रक्रिया पुन्हा जागी होते आणि वेदना वाहून नेणाऱ्या नसा थोड्या मंदावतात, असं मानलं जातं. म्हणूनच फरक लगेच दिसत नाही. हिशोब साधारण १२ आठवड्यांनी करायचा.

आधी काय करून बघावं?

बहुतेकांची टाच वर्षभरात मशीनशिवाय बरी होते. पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने बोटं नडगीकडे ओढा आणि तळवा ताणला गेलेला जाणवला की १० पर्यंत मोजा. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. पोटरीचा ताणही रोज द्या. घरात मऊ चप्पल, बुटात टाचेखाली सिलिकॉनची गादी. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे. हे तीन-चार महिने नेमाने करूनही दुखत असेल, तर शॉकवेव्हचा विचार करणं रास्त आहे. वारंवार स्टिरॉइडची इंजेक्शनं घेण्यापेक्षा मला तो मार्ग बरा वाटतो, कारण इंजेक्शनचा आराम बरेचदा टिकत नाही आणि क्वचित हा पट्टा तुटूही शकतो.

इतर दुखण्यांचं काय?

खांद्यात कॅल्शियम साठलं असेल तर फोकस्ड प्रकाराचा उपयोग होऊ शकतो. घोट्यामागच्या शिरेच्या, म्हणजे अकिलीस टेंडनच्या जुन्या दुखण्यात व्यायामासोबत दिल्यास चांगला परिणाम दिसतो. टेनिस एल्बोबाबत मात्र हात राखून बोलावं लागतं. सचिन तेंडुलकरमुळे २००४ साली हे नाव घरोघरी पोहोचलं, मे २००५ मध्ये त्याची लंडनला शस्त्रक्रिया झाली. पण रॅकेट कधी हातात न धरलेल्या, पाने-स्क्रू ड्रायव्हर चालवणाऱ्या किंवा रोज गायींची धार काढणाऱ्या माणसांनाच मी हा त्रास जास्त पाहतो. कॉक्रेन या संस्थेने २००५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात टेनिस एल्बोला शॉकवेव्हचा फारसा फायदा आढळला नव्हता. गुडघ्याची झीज, कंबरदुखी, मानदुखी यांसाठी ‘पॅकेज’ कोणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

टाचदुखीचे निकालही सगळ्या अभ्यासांत सारखे नाहीत. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००९ मध्ये म्हटलं, की सुरक्षिततेची मोठी चिंता नाही, पण परिणामाचे पुरावे एकसारखे नाहीत. सगळ्यांना गुण येईलच असं नाही, हे धरूनच चाला.

कोणी घेऊ नये?

गरोदर महिला, रक्त गोठण्याचा आजार असलेले, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेले रुग्ण, आणि हाडं वाढत्या वयातली मुलं. पेसमेकर असेल तर आधी सांगा. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण शॉकवेव्हसाठी त्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. टाचदुखीने जीव जात नाही, स्टेंट बंद पडला तर जाऊ शकतो.

मधुमेहींनी आणखी एक लक्षात ठेवावं. रात्री तळपायाची आग होणं, मुंग्या, बधिरपणा हे नसांचं दुखणं आहे. त्यावर शॉकवेव्ह चालत नाही, साखर तपासा आणि पाय दाखवा. ताप, रात्री झोपू न देणारं दुखणं, विनाकारण घटलेलं वजन, किंवा पोटरीमागे ‘कट्’ असा आवाज होऊन टाच उचलता न येणं, यातलं काही असेल तर फिजिओथेरपीच्या आधी डॉक्टरांकडे जा.

सिटिंगमध्ये काय होतं?

दुखरी जागा बोटाने शोधून जेल लावतात आणि साधारण २००० ठोके देतात. ५ ते १० मिनिटांत काम होतं. दुखतं, पण सोसवेल इतकं, आणि ताकद कमी करता येते, म्हणून दात आवळून बसू नका, सांगा. जागा बधिर करण्याचं इंजेक्शन शक्यतो घेऊ नये, त्याने परिणाम कमी होतो असं दिसलं आहे. आठवड्याला एक याप्रमाणे ३ ते ५ सिटिंग पुरतात. नंतर एक-दोन दिवस लाली, ठणका किंवा निळसर डाग राहू शकतो. पॅरासिटामॉल चालेल, पण आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्या काळात टाळायला सांगतात. दोन दिवस धावपळ आणि ओझं टाळा, ताणाचे व्यायाम मात्र सुरूच ठेवा.

जाण्याआधी विचारा: मशीन रेडियल की फोकस्ड, एका सिटिंगचे किती, आणि सगळे पैसे आगाऊ भरावे लागतील का. दाखल न होता घेतलेला हा उपचार असल्याने बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी तो खर्च देत नाहीत. त्यामुळे एकेका सिटिंगचे पैसे देणारी जागा निवडा.