अर्धवट कामाची वही

दिवाळीत आपल्याकडे दुकानदार नव्या वहीची पूजा करतात. संगणकाच्या पोटातही अशीच एक वही असू शकते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स त्या काळी बाल्यावस्थेत होती. तिच्याभोवती जुळवून मिळणाऱ्या कार्यक्रमांच्या संचांत दोष फार. त्यांना कंटाळून १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयन मर्डॉक यांनी नवा संच जाहीर केला. आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव आणि स्वतःचे नाव जोडून त्यांनी त्याला ‘डेबियन’ म्हटले! प्रत्येक कार्यक्रम येथे एका गाठोड्यात बांधलेला असे. त्यालाच पॅकेज म्हणतात. ही गाठोडी बसविणाऱ्या ‘डीपीकेजी’चा गाभा १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी नव्याने लिहिला. (हेही इयनच!)

गाठोडे बसविताना प्रथम त्यातील फायली जागच्या जागी मांडावयाच्या, मग त्यांची जुळणी करावयाची. मौज अशी की, मांडणीस हात घालण्यापूर्वीच डीपीकेजी आपल्या वहीत ‘अर्धे बसलेले’ असा शेरा मारून ठेवते. काम निर्विघ्न पार पडले तरच तो बदलावयाचा. मधेच वीज गेली, तरी काम कोठे थांबले ते वहीच सांगते. फायली मांडून झाल्या असतील, तर राहिलेली जुळणी पुरी करण्याची आज्ञा द्यावी. मांडणीच अर्धी असेल, तर तेच गाठोडे पुन्हा बसवावे. भाजीत दुसऱ्यांदा मीठ पडले की ती वाया जाते. तसे होऊ नये म्हणून जुळणीच्या सूचना पुन्हा चालल्या तरी नासाडी होता कामा नये, असा डेबियनचा दंडक आहे. माझ्या मते सारी खुबी या दंडकातच आहे.

एक अडचण मात्र उरली. एका गाठोड्याला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे! डीपीकेजी उणीव दाखवी, पण उणी वस्तू आणून देत नसे. ते काम ‘एपीटी’ने पत्करले, मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ती आली. मोडलेली घडी सुधारण्याची आज्ञा दिली की ती हवे ते आणते, किंवा जमेनासे झाले तर अडणारी गाठोडीच काढून टाकावयास निघते. म्हणून ‘होय’ म्हणण्यापूर्वी तिने पुढे केलेली यादी नीट वाचावी. घाईने होकार देणाऱ्यांचे उपयोगी कार्यक्रमही गेले आहेत.

आणि वहीच बिघडली तर? तिची मागील प्रत शेजारीच असते. शिवाय रोजच्या नकला दुसऱ्या कप्प्यात ठेवण्याची व्यवस्था आहे. मर्डॉक डिसेंबर २०१५ मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी वारले. ती वही आजही साध्या अक्षरांतच लिहिली जाते. कोणीही उघडून वाचावी.